पावसाचे मापटे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वैशाखात कोणाच्याही ओट्यावर बसा. बोलणे लग्नसराईचे असो की सुताच्या भावाचे, शेवटी ते पावसावर येऊन ठेपते. आमचा मुलूखच तसा. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबाने जेमतेम २२ इंच. साहजिकच पाऊस जोखण्याच्या रीती आमच्याकडे पुष्कळ. पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहावे, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात वासराची भाकणूक ऐकावी, आणि पाऊस पडून गेल्यावर रानात माती उकरून ओल किती वितींवर गेली ते बघावे. परंतु पडलेला पाऊस भांड्यात धरून, मोजून, वहीत लिहून ठेवणे ही गोष्ट निराळी. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे की, कोठारात हातभर तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे. पुढे शेतीच्या प्रकरणात त्याने देशोदेशीचे पाऊसमानही दिले आहे: जांगल देशात १६ द्रोण, अवंतीत २३, अश्मकात साडेतेरा, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. अश्मक म्हणजे गोदाकाठचा दख्खनचा भाग, असे विद्वान मानतात. म्हणजे या आकड्यांत सर्वांत लहान आकडा आमच्या शेजारच्या मुलखाचा! द्रोण हे धान्याचेही माप. कोठारातले धान्य आणि आभाळातले पाणी एकाच मापाने मोजणाऱ्या त्या कारभाऱ्याला, दुसऱ्यावाचून पहिले नाही, हे पक्के ठाऊक होते. हा ग्रंथ शतकानुशतके दृष्टिआड राहिला. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे हे पावसाचे मापटे पुन्हा उजेडात आले.

इंग्रजी अमदानीत हे काम नव्याने सुरू झाले ते संकटांच्या धक्क्याने. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ कोसळले; १८६६ साली ओरिसात दुष्काळाने माणसे मेली. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते काढले आणि हेन्री ब्लॅन्फर्ड यांच्या हाती दिले. लगेच पुढच्या वर्षी, १८७६ साली, दख्खनवर महादुष्काळ आला आणि त्याच्या तडाख्यात सोलापूरही सापडले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने पीकपाण्याच्या नियमित माहितीवर जोर दिला. पुढे १९२८ साली त्या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले, आणि १९३३ साली खुद्द सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. थोड्या पावसावर ज्वारी कशी पिकवावी, हे शिकायचे, तर आधी तो थोडा पाऊस किती, हे कळायला हवे!

पाऊस मोजण्याचे यंत्र म्हणाल तर किती साधे! इंग्लंडातल्या जॉर्ज सायमन्स यांनी १८६० च्या सुमारास गावोगावच्या हौशी माणसांकडून पावसाच्या नोंदी मिळवण्याचा उद्योग आरंभला. त्यांच्या नावाचे पर्जन्यमापक आपल्याकडे घरचेच झाले. पाच इंच तोंडाचे नरसाळे, खाली बाटली, आणि शेजारी काचेचे मोजपात्र. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच, अगदी समपातळीत; आणि जवळच्या झाडाची वा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी अंतर मोकळे.

पण त्याची निगा ही बाराही महिन्यांची नोकरी असते. उन्हाळ्यात आमच्याकडे धूळ अशी की नरसाळ्याच्या नळीत तिचा थर बसतो. वर कोळी जाळे विणतो, गांधीलमाशी मातीचे घर बांधते. म्हणून मृगाआधी ते धुवायचे, पाणी भरून गळते का ते पाहायचे, पाणसळ लावून कललेले तोंड सरळ करायचे. पावसाळ्यात भोवतीचे गवत वाढू द्यायचे नाही, पाला काढायचा. परतीचा पाऊस धो धो लागला तर बाटली भरून वाहण्याआधीच मोजून रिकामी करायची. आणि हिवाळ्यात? आभाळ कोरडे ठणठणीत असले तरी सकाळी साडेआठला तिथे जायचे आणि वहीत शून्य लिहायचे. आम्हा मास्तर लोकांना हे चटकन कळते. हजेरी आणि गुण यांचे पत्रक भरताना ‘शून्य’ आणि ‘गैरहजर’ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. दुष्काळाचा पुरावा अशा खऱ्या शून्यांचा बनलेला असतो.

आता काळ बदलला. २०१७ पासून महावेध योजनेत राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांच्या पोटात दोन चिमुकल्या पळ्या डोलत असतात. एक भरली की कलते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलण्याची नोंद आपोआप होते. परंतु कोळ्याला यंत्र जुने की नवे याचे सोयरसुतक नसते! नळी तुंबली तर रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवशी कोरड्या उन्हात थेंबथेंब उतरतो आणि भलत्याच तारखेवर चढतो. आता २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर मंडळात अतिवृष्टी धरतात; नुकसानभरपाईचा विचार त्या आकड्यावर होतो. पाच इंची तोंडात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १३ मिलिलिटर पाणी, घरातले अडीच चमचे. तेवढे पाणी पाल्यात अडकले तर वाहून गेलेल्या रानाचा धनी रेषेच्या अलीकडे राहू शकतो. वाहून गेलेली माती त्याला दिसते. सरकारी कागदाला भांड्यातलेच पाणी दिसते.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात ढगांत रसायन फवारण्याचा प्रयोग केला. वाऱ्याच्या पुढच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. विमाने, रडार, शास्त्रज्ञ सारे खरेच. परंतु शंभरातले अठरा ओळखायचे तर जमिनीवरची भांडीही तितकीच चोख हवीत.

वाचकहो, आपण अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसाल, त्याच वेळी कुठल्याशा माळावर एक माणूस कुंपणाचे फाटक उघडून त्या नरसाळ्यात डोकावत असेल. आश्विनाचा शेवट आहे. बहुधा भांडे कोरडेच असेल. तरी तो वाकून पाहील, तारीख घालील आणि शून्य लिहील. तो आपल्या ओळखीचा असला, तर परतताना त्याच्या हातावर चार करंज्या अवश्य ठेवा.