गाणं कुणाचं? युरोपातल्या शाळेबाहेरच्या शाळेची गोष्ट



आम्ही आयुष्याची पस्तीसएक वर्षं परीक्षा घेण्यात घालवली. पेपर काढले, पेपर तपासले, अर्ध्या गुणासाठी दारात उभ्या असलेल्या मुलांशी हुज्जत घातली. आणि आज आम्ही बोलणार आहोत ते ज्यात परीक्षाच नाही अशा शिक्षणाबद्दल. जन्मभर मिठाईचं दुकान चालवणाऱ्याने उपवासाचं माहात्म्य सांगावं, तसं काहीसं हे आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

आज युरोपभर अशा असंख्य संघटना आहेत, ज्या शाळेच्या भिंतींबाहेर गाणं, नाटक, चित्रं, भटकंती, श्रमदान यांतून तरुण मुलामुलींना शिकवतात. याला अनौपचारिक शिक्षण म्हणतात. फिलिप कूम्ब्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात याची व्याख्या रूढ केली. शाळेतलं ते औपचारिक. घरी, बाजारात, मित्रांत नकळत शिकतो ते सहज. आणि शाळेच्या चौकटीबाहेर, पण ठरवून आणि संघटितपणे चालतं ते अनौपचारिक. शब्द नवा आहे, गोष्ट मात्र जुनी. आणि ती दिसते तितकी गोड नाही.

सुरुवात डेन्मार्कपासून करू. ग्रुंटविग नावाचे एक धर्मोपदेशक होते, १७८३ ते १८७२ हा त्यांचा काळ. कवी, इतिहासकार, आणि भांडखोरही. त्या काळच्या लॅटिन शाळांवर त्यांचा मोठा राग. तिथे घोकंपट्टी होते आणि मुलांमधलं चैतन्य मरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते तिला मरणाची शाळा म्हणत. त्यांना हवी होती जीवनाची शाळा. तिथे पुस्तकापेक्षा ‘जिवंत शब्द’ महत्त्वाचा, म्हणजे समोरासमोरचं बोलणं, गोष्टी, आणि एकत्र गाणं. या कल्पनेतून १८४४ साली रोडिंग या गावी पहिलं लोकविद्यालय निघालं. पुढे क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने १८५१ मध्ये रिस्लिंगे इथे आपली शाळा काढली आणि ही कल्पना शेतकऱ्यांच्या घरापर्यंत नेली. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की तरुण मुलगे येऊन राहायचे. १८६०नंतर उन्हाळ्यात मुलीही येऊ लागल्या. परीक्षा नाही, पदवी नाही. १८६४च्या युद्धात डेन्मार्क हरला आणि रोडिंग सीमेपलीकडे, प्रशियाच्या ताब्यात गेलं. तेव्हा शाळेने काय करावं? अलीकडे आस्को गावात १८६५ मध्ये नवा संसार थाटला. शाळा इमारतीत नसते, ती माणसांत असते, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हाला तरी माहीत नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता थोडं दक्षिणेला, जर्मनीत जाऊ. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्समधले शाळकरी विद्यार्थी १८९६ पासून सुट्टीत डोंगरदऱ्या भटकायला लागले. १९०१ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली, ‘वांडरफोगेल’, म्हणजे भटके पक्षी. पाठीवर पिशवी, हातात गिटार, रात्री शेकोटी. विस्मृतीत चाललेली लोकगीतं त्यांनी गोळा केली. हान्स ब्रॉयर यांनी १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं, ‘त्सुप्फगायगेनहान्सल’, आणि ते घरोघरी गेलं. १९१३च्या ऑक्टोबरात होहर माइसनर या डोंगरावर वेगवेगळे तरुण गट जमले. आपलं आयुष्य आपण आपल्या निर्णयाने, आपल्या जबाबदारीवर, आतल्या सत्याशी इमान राखून घडवू, असा त्यांचा जाहीरनामा. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. यात कांट ऐकू येतोच. पण त्याच काळात या चळवळीच्या काही शाखा ज्यू मुलामुलींना दार बंद करत होत्या, हेही विसरायचं नाही. वर्षभरात महायुद्ध पेटलं, आणि यातली कितीतरी मुलं त्यात संपली. ब्रॉयर स्वतः १९१८ मध्ये वेर्दांच्या रणभूमीवर गेले.

मग आलं १९३३. हिटलरच्या राजवटीने बाल्डूर फॉन शिराख याला साऱ्या जर्मन तरुणांचा प्रमुख नेमलं आणि स्वतंत्र युवक संघटना एकामागून एक मोडून काढल्या. पण मोडलं काय आणि ठेवलं काय, ते बघा. शेकोटी ठेवली. गिटार, भटकंती, तंबू ठेवले. गाणी ठेवली, त्यांत नवी भरली. इतकंच काय, ‘तरुणांचं नेतृत्व तरुणांनीच करावं’ ही घोषणासुद्धा ठेवली! काढून घेतली फक्त एक गोष्ट, निर्णय. काय गायचं, कुणासाठी गायचं, आणि नको असेल तर उठून घरी जायचं की नाही, हे आता वरून ठरू लागलं. १९३६च्या डिसेंबरात कायदा आला, १९३९ पासून हिटलर युवक संघटना सक्तीची झाली.

मित्रहो, हा आमच्या आजच्या बोलण्यातला कळीचा मुद्दा आहे. खेळातून शिकवणं, गाण्यातून शिकवणं, परीक्षा नसणं या गोष्टी आपोआप चांगल्या नसतात. उलट त्या फार प्रभावी असतात, म्हणून जास्त धोकादायक. पाठ्यपुस्तकातला धडा मूल परीक्षेनंतर विसरतं. शेकोटीभोवतीचं गाणं जन्मभर विसरत नाही.

सगळेच वाकले असं मात्र नाही. बंदी आलेल्या एका युवक गटात वावरलेला हान्स शोल १९३७ मध्ये पकडला गेला होता. पुढे ‘श्वेत गुलाब’ गटाची पत्रकं वाटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ रोजी त्याला आणि त्याच्या बहिणीला, सोफीला, मृत्युदंड दिला गेला. ऱ्हाईनकाठच्या शहरांत ‘एडेलवाइस पायरेट्स’ म्हणवणारी कामगारवस्तीतली पोरं सरकारी गाण्यांचं विडंबन करत फिरायची. नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलोनमध्ये १३ जणांना खटला न चालवता भर रस्त्यात फासावर दिलं. त्यात या टोळ्यांतली किशोरवयीन मुलंही होती.

युद्ध संपलं. आता प्रश्न असा, की पुन्हा गायचं कसं? पन्नासच्या दशकात थिओडोर अडॉर्नो या तत्त्वज्ञाने जुन्या युवक-संगीत चळवळीवर सडकून टीका केली. एकत्र गाण्याने जी जवळीक वाटते, ती आपोआप मूल्य ठरत नाही, असा त्यांचा रोख होता. आम्हाला तो पटतो. पण उत्तर गाणं बंद करण्यात नव्हतं, गाण्याची व्यवस्था बदलण्यात होतं.

एक धागा आधीच विणला गेला होता. १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने वेर्दांजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक गोळा केले. त्यांत कालचे शत्रू जर्मनही होते. सगळे मिळून ढिगारे उपसू लागले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. हेच सेरेसोल १९३४च्या बिहारच्या भूकंपानंतर आपल्या देशात येऊन घरं बांधायला लागले होते, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

युद्धानंतर असे धागे वाढले. १९६१ मध्ये जर्मनीतल्या पासाऊ शहरात देशोदेशीच्या तरुण गायकवृंदांचा ‘युरोपा कान्तात’ महोत्सव भरला. १९६३च्या जुलैमध्ये फ्रान्स-जर्मनी युवक कार्यालय स्थापन झालं. पुढे १९७८ मध्ये क्लाउडिओ अब्बाडो यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली युरोपीय युवक वाद्यवृंदाने पहिला दौरा केला.

पण आमच्या मते खरा शोध यांपैकी कुठलाच नाही. खरा शोध कागदावरचा, रुक्ष आहे. १९६८च्या तरुणांच्या उठावानंतर युरोप परिषदेने १९७२ मध्ये स्ट्रासबर्गला युरोपीय युवक केंद्र आणि त्याच सुमारास युवक निधी सुरू केला. दुसरं केंद्र १९९५ मध्ये बुडापेस्टला झालं. त्यांच्या कारभारात एक नियम रुजला, सह-व्यवस्थापनाचा. एका बाजूला सरकारांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला युवक संघटनांचे ३० प्रतिनिधी. कार्यक्रम काय आणि पैसा कशावर, हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकट्या सरकारने नाही. माइसनरच्या डोंगरावर जी फक्त भावना होती, तिला इथे मताचा अधिकार मिळाला. १९३३ मध्ये नेमकं हेच नव्हतं.

याने सगळं साधतं का? मोस्तारकडे बघा. बोस्नियातलं हे शहर १९९०च्या दशकातल्या युद्धात दुभंगलं, नदीवरचा जुना पूल १९९३ मध्ये पडला. पूल २००४ मध्ये पुन्हा बांधला गेला, पण बोस्नियात आजही ‘एका छपराखाली दोन शाळा’ आहेत. इमारत एक, मुलं समाजागणिक वेगळी. त्याच मोस्तारमध्ये १९९७ साली पावारोत्ती संगीत केंद्र उघडलं, आणि तिथे २०१२ पासून चालणाऱ्या रॉक स्कूलमध्ये दोन्ही बाजूंची मुलं एकाच बँडमध्ये वाजवतात. औपचारिक शाळा जी मुलं वेगळी बसवते, तीच अनौपचारिक शाळेत शेजारी बसतात. संध्याकाळपुरती का होईना. त्या संध्याकाळीने शहर एक होत नाही, हे खरं. पण ढोलवाल्याने ताल चुकवला की गिटारवाल्याला कळतं, एवढी ओळख तरी होते.

शेवटी आमच्या दुखऱ्या जागेवर येतो. युरोपीय संघ १९८८ पासून युवक देवाणघेवाणीला पैसा देतो. आज तो कार्यक्रम इरास्मस प्लसचा भाग आहे. २००७ पासून सहभागी मुलांना ‘यूथपास’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं. गुण नसतात, काय शिकलो ते मुलानेच शब्दांत मांडायचं असतं. ज्याच्याकडे पदवी नाही, त्याला नोकरीच्या दारात हा कागद आधार देतो, म्हणून त्याला हसू नये. तरी आमच्यातला जुना परीक्षक चाहूल घेतो. आज मूल स्वतः लिहितं; उद्या मालकाला काय आवडेल ते लिहायला लागेल का? ग्रुंटविग ज्या दारातून बाहेर पडले, त्याच दारातून आपण परत आत तर येत नाही ना?

म्हणून एखादी संस्था ‘आम्ही मुलांना कलेतून घडवतो’ म्हणाली, तर आम्ही आता तीनच गोष्टी विचारतो. गाणं कुणी निवडलं? पैसा कशावर खर्च करायचा, या बैठकीत मुलं बसतात का? आणि एखाद्या मुलाला गायचं नसेल, तर त्याला उठून घरी जाता येतं का?

पस्तीस वर्षांत आमच्या वर्गातून उठून जाण्याची मुभा आम्ही कुणाला दिली नव्हती. आज तुम्हाला आहे. तरी बसलात, त्याबद्दल आभारी आहोत.