कारच्या रंगाची चमक परत आणायला कोणते पॉलिश घ्यावे?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कारचे छत आणि बोनेट त्यामुळे आधी निस्तेज होते. दुकानात मात्र कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स या तिन्हींना सरसकट ‘पॉलिश’च म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

कंपाउंड आणि पॉलिश रंगाचा वरचा थर घासून काढतात, वॅक्स फक्त त्यावर आवरण चढवते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत मूळ रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे सहसा केसापेक्षाही कमी. घासून झिजलेला हा थर भरून येत नाही. म्हणून आधी सर्वांत सौम्य पॉलिश एका कोपऱ्यात वापरून पाहावे. फरक पडला नाही तरच कंपाउंड घ्यावे. ओरखड्यात नख अडकत असेल किंवा क्लिअर कोटचे पापुद्रे सुटले असतील, तर डबी विकत घेऊच नये. तिथे रंगकामच लागते. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीला घासताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मॅट रंगाला मात्र यातले काहीच लावू नये.

गाडी आधी नीट धुवावी, नाहीतर राहिलेली धूळच नवे ओरखडे पाडते. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकते, तेव्हा काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. वॅक्स सगळ्यात शेवटी. ते उन्हापावसात उतरते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते.