टायग्रिनाचा टायग्रिनस

घरी आम्ही त्याला मेंडक म्हणायचो, शेजारी बेडूक. आषाढात डबक्यात पिवळाधमक दिसला की तो निराळ्या जातीचा, असे सगळेच धरून चालत. खरे तर एरवीचा हिरवट-तपकिरी नरच विणीच्या दिवसांत पिवळा होतो. दोन्ही एकच, हे मला विज्ञान शाखेतल्या मित्राच्या वहीतून कळले: राना टायग्रिना. फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये दिलेले नाव. तंगड्यांसाठी मारला जायचा तो हाच थोराड बेडूक. १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली.

पुढे अभ्यासकांनी त्याला राना प्रजातीतून काढून होप्लोबॅट्रॅकसमध्ये घातले. राना लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, नवा शब्द पुल्लिंगी. म्हणून टायग्रिनाचा टायग्रिनस झाला. शास्त्रालाही लिंगविचार सुटत नाही, याची मला भारी गंमत वाटते! पट्ट्यांवरून आलेला वाघ मात्र दोन्ही नावांत आहे.