किरणांची भीती आणि द्रव्य-क्षेत्र-काळ-भाव



गेल्या चातुर्मासात माझ्या धाकट्या जावेच्या हाताला स्तनात गाठ लागली. तिने खाट खिडकीपासून हलवली, रात्री वायफाय बंद करायला लागली, पण तपासणीला काही जाईना. म्हणायची, "अक्का, समोरच्या गच्चीवरच्या टॉवरनं झालंय हे. मॅमोग्राफी म्हणजे अजून किरणच की!" दोन महिने असेच गेले. तिला समजवायचे म्हणून ही भीती आली कुठून ते मी वाचायला बसले.

सुरुवातीला भीतीला कारण होते. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हजारो रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण निघत असल्याचे उघड झाले. लोकांना टीव्हीपासून किमान सहा फूट लांब बसायला सांगितले गेले. संच दुरुस्त झाले आणि 1968 मध्ये अशा उपकरणांसाठी कायदाही आला. म्हणजे दोष सापडला, मोजला आणि काढला.

पुढे मात्र भीती मोजमापाच्या पुढे धावली. 1979 मध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी डेन्व्हर भागातल्या कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या घरांचा अभ्यास छापला. मोठ्या प्रवाहाच्या विजेच्या तारांजवळ अशी घरे जास्त आढळली. पण घरातले चुंबकीय क्षेत्र त्यांनी मोजले नव्हते, बाहेरच्या तारा पाहून अंदाज बांधला होता. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रक्ताच्या कर्करोगाची 638 मुले आणि 620 निरोगी मुले घेऊन घरांत प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा ठोस संबंध दिसला नाही. पण तोवर तारांची धास्ती घरोघरी पोचली होती.

मग मोबाईल आले. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरी '2 ब' गटात टाकल्या. या गटाचा अर्थ "शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा आहे" एवढाच. आशियातल्या पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत! आपल्यापर्यंत आलेल्या मेसेजमध्ये मात्र "मोबाईलने कॅन्सर होतो" एवढेच उरले. भारताने तर 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. 2024 मध्ये 63 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही मोबाईल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

मैत्रिणींनो, स्वाध्यायात आपण शिकतो की 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका अपेक्षेने'. अपेक्षा गाळून विधान पुढे पाठवले की तो एकांत होतो. किरणांचेही तसेच आहे. द्रव्य: कोणते किरण? क्ष-किरण अणूतले इलेक्ट्रॉन उडवू शकतात, रेडिओ लहरींत तेवढी ताकद नसते, त्या फार तर ऊब देतात. क्षेत्र: किती अंतरावर? काळ: किती वेळ? आणि भाव: आपण विवेकाने विचारतो आहोत की भयाने? मॅमोग्राफीत क्ष-किरणच असतात हे जावेचे म्हणणे खरे होते. पण ते अगदी थोडे असतात, क्षणभर असतात, आणि हाताला लागलेल्या गाठीचा छडा लावायला असतात.

हे सगळे एका दुपारी डाळ निवडता निवडता तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. गाठ कर्करोगाचीच निघाली. पुण्याई म्हणायची, पसरलेली नव्हती. ऑपरेशन झाले, औषधे चालू आहेत. यंदा दशलक्षण पर्वात ती मंदिरात माझ्या शेजारी बसली होती.

टॉवर अजून समोरच्या गच्चीवर आहे. त्याच्याकडे बघून ती आता घाबरत नाही. दोन महिने फुकट घालवले याचे मात्र तिला वाईट वाटते. हाताला गाठ लागली, तर तुम्ही आठवडासुद्धा घालवू नका.