प्रथम वर्षाचा इतिहास आणि सोलापूर

सोलापुरात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय झाली ती इ. स. १९४० मध्ये, दयानंद महाविद्यालयाच्या स्थापनेने. १९५३ मध्ये संगमेश्वर व १९६२ मध्ये वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय निघाले. या कालखंडातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. दयानंद महाविद्यालय जागचे हलले नाही. त्याचे विद्यापीठ मात्र तीनदा बदलले. आरंभी मुंबई, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर ते, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूरचे स्वतःचे, एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ. २०१९ मध्ये या विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. म्हणजे पहिली चौसष्ट वर्षे सोलापूरच्या मुलाने इतिहासाची पहिली पायरी कोठून चढावी, हे सोलापूरबाहेर ठरत होते. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. अनेक जिल्ह्यांसाठी एक अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळाकडून एका गावाच्या इतिहासाची अपेक्षा करणे रास्त नव्हे. आता ती सबब उरलेली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाची रचना पालटली. इतिहासासारख्या मुख्य विषयाबरोबरच कौशल्याचे आणि सहशालेय उपक्रमांचेही श्रेयांक मिळू लागले. परिणामी इतिहासाची ओळख, नेतृत्वाचे धडे आणि माहिती तंत्रज्ञानाची तोंडओळख ही तिन्ही एकाच विद्यार्थ्याच्या वाट्यास येऊ शकतात. पण तीन वेगळ्या तासांना आणि बहुधा एकमेकांची दखल न घेता. सोलापुरापुरते तरी हे विभाजन अस्वाभाविक आहे.

विद्यार्थीनेतृत्वाची कथा सांगताना १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत निघालेल्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानसभेपासून, किंवा १९०५ मध्ये पुण्यात सावरकरादी विद्यार्थ्यांनी केलेल्या विदेशी कापडाच्या होळीपासून आरंभ करण्याची रीत आहे. पुढचा टप्पा कायद्यांचा : १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली, २०१६ च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण तरतूद आणि अंमल यांच्यामध्ये अनेक वर्षे गेली. हे सर्व शिकविण्यासारखे आहे. तथापि सोलापूरचा सर्वांत मोठा प्रसंग या मालिकेत बसत नाही, कारण १९३० मध्ये येथे महाविद्यालयच नव्हते.

त्या वर्षी ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला व त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत यांवर जमावाने हल्ला केला, काही पोलीस मारले गेले. १२ मे रोजी लष्करी अंमल जारी झाला, तो जूनअखेरपर्यंत टिकला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. चौघे चार निरनिराळ्या समाजांतले. विशीतला कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवीत असे. नेतृत्व म्हणजे व्यासपीठ, ही समजूत त्याच्या उदाहरणाने ढळते. बातमी मिळविणे, पारखणे आणि पोचविणे हेच येथे नेतृत्वाचे एक अंग होते. आणि आजच्या विद्यार्थ्याच्या हातातील यंत्राचेही मुख्य काम तेच आहे.

आता या प्रसंगाची साधने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने शोधावयास घेतली, तर पहिली अडचण भाषेची येते. ग्रंथ ‘लष्करी कायदा’ लिहितात, गाव ‘मार्शल लॉ’ म्हणते. सरकारी इंग्रजी कागदांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे आहे, उर्दूतही तसेच. कन्नडात ते ‘सोल्लापूर’ होते, आणि बाराव्या शतकातील सिद्धरामांच्या संदर्भात ‘सोन्नलिगे’. संगणक एकेक अक्षर ताडून पाहतो. आजच्या इंग्रजी वळणाने नाव घातले, तर जुने दफ्तर पुष्कळदा डोळ्यांआडच राहते. १९५० च्या सर्वोच्च न्यायालयातील गाजलेल्या गिरणीच्या खटल्यातही कंपनीचे नाव ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ असेच आढळते. देवनागरीला युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात १९९१ पासून स्थान आहे. मोडीला ते २०१४ मध्ये मिळाले. परंतु संकेत मिळाला म्हणून कागद आपोआप वाचला जात नाही. मोडीचे चित्र टिपून ठेवले, तरी त्यातील अक्षर कोणीतरी जाणकाराने उतरवून दिल्यावाचून शोधात येत नाही. तंत्रज्ञानाच्या तासाला हे सांगितले जात नसेल, तर तो तास टंकलेखनाचा वर्ग ठरतो.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा घरी बोलणारी मुले सोलापूरच्या एकाच बाकावर बसतात. इतरत्र ही अध्यापनाची अडचण मानली जाते. येथे मात्र एकेका मुलाकडे आपापल्या घरच्या लिपीतील शोध सोपविता येईल, आणि मे १९३० च्या त्या आठवड्याची दिनदर्शिका चार बाजूंनी भरता येईल. तारखा जुळल्या नाहीत, नावे निराळी लिहिलेली आढळली, की इतिहासाच्या पहिल्या तासाला विचारावयाचा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच येईल : यांपैकी कोणते खरे, आणि ते कशावरून?