शाकारणीपासून मक्त्यापर्यंत

मराठीत 'शाकारणे' असे एक क्रियापद आहे. पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर नीट बसवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु छप्पर गवताचे असो, झावळ्यांचे असो की कौलांचे असो, क्रियापद तेच. यावरून हे काम छपराच्या जिनसांपेक्षाही जुने असावे, असे अनुमान काढावयास हरकत नाही. दुरुस्ती बिघाड झाल्यानंतर होते. शाकारणी बिघाड होवो अथवा न होवो, दरवर्षी होत असे. होळी आटोपल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतच्या दिवसांत कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्याला लागून असलेल्या बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात घराघरावर एखादा माणूस बसलेला दिसे. त्या माणसाचे आणि घरधन्याचे नाते कसे विरत गेले आणि त्याच्या जागी छपराचा मक्ता घेणारा कंत्राटदार कसा आला, ही हकीकत आज सांगावयाची आहे. तिला एका परदेशी कौलाचाही इतिहास जोडलेला आहे.

प्रथम आपले गावठी कौल पाहू. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढी, ती ओली असतानाच उभी चिरी आणि एका नळीची दोन कौले होत. छपरावर एक ओळ उताणी व तिच्या कडांवर दुसरी पालथी, अशी ती मांडली जात. त्यांना ना खाच ना आकडा; केवळ स्वतःच्या भाराने ती जागेवर राहत. वारा, माकडे, मांजरे आणि कावळे हे त्यांचे चार शत्रू. एक कौल चार बोटे सरकले तरी पहिल्याच सरीला खालचे जाते ओले होई. म्हणून दरसाल सारे छप्पर उतरवून, फुटकी कौले काढून, नवी भर घालून ते पुन्हा मांडण्याखेरीज गत्यंतर नसे. पावसाचा मारही तसाच. बेळगावात वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो, पणजीला शंभराच्या वर आणि बेळगावाहून सावंतवाडीकडे उतरताना लागणाऱ्या आंबोलीला २५० इंचांहून अधिक. पूर्वेकडे, हैदराबादच्या वाटेवर, पाऊस थोडा म्हणून तेथे सपाट मातीची माळवदे. पण त्यांनाही दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर लागतोच.

या वार्षिक उठाठेवीचा आपण वैताग मानतो. तो खराही होता. परंतु तिचा एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. कौले उतरली की वासे आणि रिपा उघड्या पडत. कोणत्या वाशाला वाळवी लागली, आढे कोठे वाकले, भिंतीत शिरलेले कोणते टोक कुजले, हे दर उन्हाळ्यात एकदा उघड्या उजेडात दिसे. आणि पाहणारा माणूस बहुधा तोच असे, किंवा त्याचा मुलगा. गावचा सुतार आणि कुंभार हे बलुतेदार होते खरे, तथापि त्यांचे बलुते मुख्यतः शेतीची अवजारे आणि रोजची मडकी यांपुरते होते. घराच्या कामाची मजुरी निराळी ठरे. म्हणजे येथेही व्यवहार होता, पैशाची घासाघीसही होती. फरक एवढाच की पुढच्या वर्षी त्याच छपरावर आपल्यालाच चढावयाचे आहे, हे करणाऱ्याला पक्के ठाऊक असे. निष्काळजीपणाची शिक्षा त्याची त्यालाच भोगावी लागे.

हे चक्र थांबविले ते मंगळूरच्या कौलाने. बाझेल मिशन ही स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराची संस्था. तिचे मिशनरी १८३४ साली मंगळुरास आले. धर्मांतर केलेल्यांना जातीने टाकले की त्यांचे परंपरागत धंदेही सुटत. त्यांच्या पोटापाण्यासाठी मिशनने विणकाम, छापखाना असे उद्योग काढले. याच मिशनमधील गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थाने १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकण माती, घाटातील जळण आणि दाराशी समुद्र, असा तिहेरी योग तेथे जुळून आला होता. माती मळण्याचे काम आरंभी बैलांच्या बळावर चाले. वाफेची यंत्रे मागाहून आली. कौलाचा घाट मात्र मिशनचा नव्हे. एकमेकांत अडकणारी खाचेची कौले फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी काढली आणि १८४१ साली त्यांचे पेटंट घेतले. पुढे मार्सेय बंदरातून ती जगभर गेली. मंगळुरी कौल हे त्यांच्याच कुळातले.

या कौलाला दोन्ही बाजूंना खाचा असतात आणि पाठीला आकडे. आकडा रिपेला अडकतो व खाच शेजारच्या कौलात बसते. त्यामुळे ते सरकत नाही, आणि दुहेरी थर लागत नसल्याने छपराचा भारही हलका होतो. शंभर चौरस फुटांना सुमारे १५० कौले पुरतात. नव्या छपराला दरसाल हात लावावयास नको, हे तर त्याचे मोठेच आकर्षण. घरमालकाला आणखी काय हवे होते? मालवाहू गलबतांतून ही कौले मुंबईस गेली, सिंहलद्वीपास गेली, एडनला आणि पूर्व आफ्रिकेलाही गेली. मिशनचे पाहून देशी कारखानदार पुढे सरसावले. त्यांत १८६८ सालाचा शिक्का मिरविणारे आल्बुकर्क यांचे नाव आजही गोव्यातील जुन्या घरांवर वाचावयास मिळते. गुजरातेत या कौलाला 'विलायती नळियां' म्हणतात आणि माळव्यात 'इंग्रजी कवेलू'. घाट फ्रान्सचा, संस्था स्विस, कारागीर जर्मन आणि माती कानडी मुलुखाची; यांत इंग्रजाचा संबंध काय तो एवढाच की राज्य त्याचे होते!

शिक्क्यासंबंधी येथेच एक सूचना करतो. जुने कौल पालथे केले की पाठीवर कारखान्याचे नाव आणि १८६५ किंवा १८६८ असे साल दिसते. पुष्कळ घरमालक अभिमानाने सांगतात की आमची कौले त्या सालची आहेत. ते साल कारखाना स्थापन झाल्याचे आहे. कौल त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी भाजलेले असू शकते. छप्पर किती जुने, हे त्या शिक्क्यावरून ठरविता येत नाही.

पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेले आणि युद्धानंतर 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' नावाच्या कंपनीकडे आले. तोवर हा धंदा एका संस्थेचा राहिलेलाच नव्हता. बेळगाव जिल्ह्यात खानापूरची माती कौलांना उत्तम ठरली आणि तेथील कारखान्यांनी सीमाभागातील घरे शाकारली. गुजरातेत मोरबीने तोच मान मिळविला. आज मंगळूरचे बहुतेक कारखाने बंद पडले आहेत. माती दुर्मीळ झाली, जळण महागले, आणि लोकांना सिमेंटचा स्लॅब अथवा रंगीत पत्रा अधिक सोयीचा वाटू लागला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मंगळुरी कौलाने आपले वचन पाळले. छप्पर दहा-पंधरा वर्षे बिनबोभाट राहू लागले. पण कौले उतरेनाशी झाली तसे वासेही दिसेनासे झाले. शाकारणाऱ्याचे दरसालचे येणे थांबले, त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला, आणि घराच्या हाडांची माहिती असणारा माणूसच उरला नाही. भाजलेले कौल सहजासहजी मरत नाही. मरते ते त्याच्या खालचे लाकूड. आणि नेमके तेच आता पंधरा-वीस वर्षांनी, गळती असह्य झाल्यावर, एखाद्या अनोळखी माणसाच्या दृष्टीस पडते.

हा अनोळखी माणूस म्हणजे मक्तेदार. त्याला आपण मिस्त्री म्हणतो, गोव्यात मेस्त म्हणतात. दोन्ही शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून, म्हणजे उस्तादावरून आले. मक्त्याची पद्धत इंग्रजी अमदानीतील बांधकाम खात्याने रूढ केली: काम मोजावयाचे, दर ठरवावयाचा, बिल चुकते करावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. रस्त्याला व पुलाला ती ठीक होती. घराच्या छपराला ती लावताना मधले एक कलम गळले: पुढच्या वर्षी कोण येणार? आपल्या भाषेत 'कौल' या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पूर्वी सरकार कौल देई, म्हणजे अटींसह अभयवचन देई. त्या शब्दाचे मूळ अरबी आहे, घरावरच्या कौलाचे निराळे. तरीही दोन्ही कौल एकदम मागावे, असेच हे काम आहे.

मक्तेदार वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. त्याची रीतच अशी की जे काम मोजता येते तेच त्याला दिसते. सारे छप्पर काढून नवा पत्रा घातला तर मोजमाप सोपे आणि बिल मोठे. चार वाशांची टोके बदलून तीच कौले पुन्हा मांडणे कष्टाचे आणि बिल लहान. 'छप्पर संपले, सारेच बदला' हा सल्ला म्हणूनच इतक्या लवकर मिळतो. तो कधीकधी खरा असतो. तो खरा की खोटा, हे घरधन्याने स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही.

पाहणी आतून करावी, आणि वर चढण्याआधी करावी. भर दुपारी दारेखिडक्या लावून माळ्यावर उभे राहिले की जेथे कौल फुटले वा सरकले तेथे उजेडाचा ठिपका दिसतो. मग वासा भिंतीत शिरतो ती जागा पाहावी. तेथे ओल, काळपटपणा किंवा वाळवीची मातीची रेघ असेल तर सुरीचे टोक रोवून पाहावे. सहज आत गेले तर लाकूड गेले. अंगणात दूर उभे राहून आढ्याची ओळ न्याहाळावी. ती मध्येच दबली असेल तर दोष कौलाचा नाही. दोन पाखी जेथे मिळतात तेथील पन्हळीचा पत्रा गंजणे, हे गळतीचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण होय. तेवढा बदलून भागत असता सारे छप्पर उतरविल्याची उदाहरणे कमी नाहीत. कौलाची परीक्षा बोटाच्या टकटकीने होते. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर काढावे. शंका उरली तर कोरडे कौल वजन करून एक रात्र पाण्यात ठेवावे आणि पुन्हा तोलावे. पाणी भरपूर पिणारे कौल पावसात छपराचा भार वाढविते.

भरतीची कौले घेताना एक अडचण हमखास येते. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. जाणता कारागीर जुनी चांगली कौले एका पाख्यावर एकत्र करतो आणि नवी दुसऱ्यावर घालतो. ही एक गोष्ट मक्तेदाराला विचारून पाहावी. उत्तरावरून तो छप्पर ओळखतो की नुसता दर ओळखतो, ते ध्यानात येईल. सिमेंटचा जुना आस्बेस्टॉस पत्रा असेल तर तो कोरडा फोडू किंवा कापू देऊ नये; त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

राहता राहिला कागद. मोजमाप उतारावर धरले आहे की जमिनीवर, हे आधी लिहून घ्यावे. ३० अंशांच्या उताराला दोहोंत सुमारे पंधरा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे जमिनीवर दहा ब्रास भरणारे छप्पर उतारावर साडेअकरा ब्रास होते. उतरविलेली धड कौले मोजून कोठे रचावयाची, आणि निघालेले जुने सागवान कोणाचे, हेही लिहावे. मलबा म्हणून गाडीत भरून गेलेल्या तुळयांची किंमत कित्येकदा साऱ्या मजुरीहून अधिक असते. वर चढणाऱ्या गड्यांसाठी शिडी छपरावर आडवी टाकून तिच्यावरूनच चालण्याची अट घालावी. कुजक्या रिपेवर पाय पडून माणूस खाली आला, असे दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे घडते. आणि रक्कम सगळी एकदम चुकती करू नये. एक हिस्सा मागे ठेवावा, आणि तो मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, मक्तेदाराने स्वतः येऊन, आत उभे राहून छप्पर पाहिल्यावर त्याच्या हाती द्यावा.