तळेगाव रोहीचा दत्तू

दिवाळीत चांदवडला ताईकडे गेलो होतो. बॅग खाली ठेवायच्या आतच भाच्याने पकडलं. वय वर्षं १४, अंगात बार्सेलोनाचा ८ नंबरचा टी-शर्ट, आणि ओसरीची भिंत चेंडूच्या डागांनी भरलेली.

"मामा, तुला पेद्री माहितेय?"

मला माहीत नव्हता. आमची मजल माराडोनापर्यंत, फार तर झिदानपर्यंत. मग काय, पुढचा तासभर चहा-फराळासोबत पेद्री! आत गेल्यावर ताई हळूच म्हणाली, "तू तरी समजाव रे त्याला. दहावी दोन वर्षांवर आलीय आणि म्हणतो फुटबॉलरच होणार. चांदवडातून कोण झालंय आजवर?"

या प्रश्नाने मी अडकलो. पण आधी पेद्रीचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हा पोरगा स्पेनचा, पण स्पेनच्या मुख्य भूमीपासून लांब, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या तेनेरिफ बेटावरचा. गाव तेगेस्ते. जन्म नोव्हेंबर २००२ चा. घरचं खाण्यापिण्याचं हॉटेल, आणि आजोबांनी गावात बार्सेलोनाच्या चाहत्यांचं मंडळच काढलेलं. म्हणजे आपल्याकडे भजनी मंडळ असतं तसं. १६ व्या वर्षी तो लास पाल्मासच्या मोठ्या संघातून खेळला, १७ व्या वर्षी बार्सेलोनात. मधल्या फळीत खेळतो. गोल मारणारे वेगळे, हा चेंडू कुठे जायला हवा ते सगळ्यांच्या आधी ओळखणारा. २०२१ च्या उन्हाळ्यात, १८ व्या वर्षी, युरो स्पर्धेत स्पेनकडून उपांत्य फेरीपर्यंत आणि लगेच टोकियो ऑलिंपिकचं रौप्य. त्या एका हंगामात क्लब आणि देश मिळून ७३ सामने! पुढे मांडीच्या स्नायूने वारंवार दगा दिला, त्यात नवल ते काय.

भाचा हे सगळं पाठ म्हणून दाखवत होता आणि माझ्या डोक्यात ताईचा प्रश्न फिरत होता. चांदवडातून कोण झालंय?

चांदवड म्हटलं की लोकांना काय आठवतं? अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, डोंगरातली रेणुकामाता, टांकसाळीतला चांदवडी रुपया, आग्रा रोड, कांदा. ताईसारख्यांना १९८६ चं शेतकरी महिलांचं अधिवेशन आठवतं. आणि पाणी आठवतं, म्हणजे नसलेलं पाणी. मार्च उजाडला की टँकरची वाट बघणं हे आमच्या तालुक्यात बालपणाचाच भाग असतं.

आणि याच तालुक्यातला एक माणूस बोट वल्हवत ऑलिंपिकला गेला. दत्तू बबन भोकनळ, गाव तळेगाव रोही. आहे की नाही गंमत?

त्याचा जन्म १९९१ चा. वडील विहिरी खणायचे. शाळेत असतानाच दत्तू त्यांच्याबरोबर कामाला जायला लागला. ज्यांनी विहीर खणताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आजोबांच्या मळ्यात मी लहानपणी पाहिलीय. आधी मुरूम, मग काळा पाषाण. पहारीने भोकं पाडायची, सुरुंग लावायचा, फुटलेला दगड भरायचा, यारीने वर ओढायचा. खाली उतरलेल्या माणसाचं फक्त डोकं दिसायचं, पुढे तेही दिसेनासं व्हायचं. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, पेढे वाटायचा. खणणारे हात-पाय धुवायचे आणि दुसऱ्या गावाला नवीन विहीर खणायला निघून जायचे. पाणी मालकाचं.

२०११ मध्ये दत्तूचे वडील गेले. घराचा भार थोरल्यावर आला. त्याने पेट्रोल पंपावरही काम केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, पुण्याला खडकीत. खेळाडू व्हायला नाही, पगारासाठी. आपल्याकडची हजारो पोरं ज्यासाठी भरतीच्या मैदानावर पहाटे धावतात त्याचसाठी.

तिथे प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला रोइंगकडे नेलं. हा चांगला उंच, आणि या खेळात उंचीला मोल असतं. हात जेवढे लांब, तेवढं वल्हं लांबवर पडतं. पण दत्तूला पाण्याचीच भीती! आमच्या तालुक्यातल्या पोराला ती नसती तरच नवल.

आता हिशोब बघा. वल्हं हातात आलं तेव्हा हा एकविशी ओलांडलेला. त्या वयापर्यंत पेद्री एक युरो, एक ऑलिंपिक, एक विश्वचषक खेळून, स्पेनची लीग जिंकून, दुखापतींतून दोन-चारदा उठून उभा राहिला होता. दत्तूने तोवर दगड फोडले होते. आणि तरीही २०१४ मध्ये तो राष्ट्रीय विजेता झाला, २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीत रौप्य मिळवलं. तीनच वर्षांत.

२०१६ च्या सुरुवातीला आईला अपघात झाला. डोक्याला मार, स्मरणशक्ती गेली. अशात एप्रिलमध्ये तो दक्षिण कोरियातल्या चुंगजूला पात्रता स्पर्धेसाठी गेला आणि दुसरा येऊन रिओचं तिकीट मिळवलं. भारताचा त्या ऑलिंपिकमधला एकमेव रोइंगपटू. ज्या आईला ही बातमी सांगायची तिला तिचा अर्थच लागत नव्हता. इथे मला काही लिहिता येत नाही, तुम्हीच कल्पना करा.

रिओत एकेरी स्कल्स. एकटा माणूस, दोन वल्ही, २००० मीटर. प्राथमिक शर्यतीत तिसरा, म्हणून उपांत्यपूर्व फेरीत. तिथे चौथा. पहिले तीनच पुढे जात होते. मग उरलेल्या क्रमांकांसाठीच्या शर्यती, त्यातली 'क' गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकून तो एकूण तेरावा आला. सुवर्णाची वेळ होती ६ मिनिटं ४१.३४ सेकंद. म्हणजे साडेतेरा सेकंदांचा फरक. लहानपणापासून पाण्यावर वाढलेल्यांच्यात आणि चार वर्षांपूर्वी पाण्याला घाबरणाऱ्यात साडेतेरा सेकंद! ऑलिंपिकच्या एकेरीत भारतीयाने गाठलेला हा सर्वांत वरचा क्रमांक, आणि २०२४ च्या पॅरिसपर्यंत तरी तो कोणी मागे टाकलेला नाही.

पुढचा भाग कडू-गोड आहे. २०१८ ची आशियाई स्पर्धा, इंडोनेशियातलं पालेमबांग. २३ ऑगस्टला एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो आजारी अंगाने उतरला आणि मध्येच कोलमडला. सहापैकी सहावा. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या बोटीत बसला आणि ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक! पण आदल्या दिवशी शर्यत अर्धवट सोडल्याचा ठपका ठेवून महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० च्या जानेवारीत ती उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियोला मात्र भारताची वेगळीच जोडी गेली. खेळाडूच्या आयुष्यातलं वर्ष म्हणजे काय हे पेद्रीच्या स्नायूला विचारा. आणि ज्याने सुरुवातच एकविशीनंतर केली, त्याच्याकडे वर्षं होतीच किती?

तर मंडळी, मी भाच्याला गच्चीवर नेऊन हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मीपण आधी सैन्यात जाऊ का?"

हसू आलं, पण पोरगं बरोबर बोललं. दत्तूची गोष्ट आपण 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळतो, शाळेत भाषण करतो, टाळ्या घेतो. जिद्द होतीच. पण वडिलांबरोबर यारीवर उभी असलेली बाकीची पोरंही जिद्दीचीच होती. फरक एवढाच की एका छावणीत पाणी होतं, बोट होती आणि त्याची उंची बघून हाक मारणारा एक माणूस होता. तेगेस्तेच्या पोराला ही हाक गावातच, आजोबांच्या मंडळात ऐकू आली. तळेगावच्या पोराला ती ऐकायला एकविसावं वर्ष आणि खडकी गाठावी लागली. ज्यांना ती ऐकूच आली नाही त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून ती पोरं नव्हतीच असं आपण समजतो. ताई "कोण झालंय?" विचारते ते त्यामुळेच.

ताईला मी एवढंच म्हटलं की दहावी होईल, पण त्याला नाशिकला धड शिकवणाऱ्याकडे रविवारी पाठव, एसटीचं भाडं मी देतो. ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मा होकार असतो.

असो. आणखी एक राहिलं. रोइंगमध्ये माणूस पाठमोरा बसतो. जिथे पोचायचं ती रेषा त्याला दिसत नाही, दिसतो तो मागे पडत गेलेला किनारा. हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मग सरळ कसा जातो?"

मला उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कोणी वल्ही मारली असतील तर कळवा, त्याला सांगीन.